चौकट

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.
समोर लाल आकड्यांचं घड्याळ, उलटं चालणारं.
माझा नंबर एकोणतिसावा.

मी सुतार. ईरी सरोवराच्या काठच्या या शहरात
मोडलेली दारं बसवतो. रीतसर कंत्राट आहे:
पोलिसांनी पहाटे फोडलेलं दार
आठ दिवसांत पूर्ववत करायचं,
बिल तीन प्रतींत.
सोळा वर्षांत एकही बिल अडकलं नाही.
दारांचा हिशोब चोख असतो आमच्याकडे.

आज हिशोब माणसाचा चाललाय.
लेमॉयन पेटवे, वय एकेचाळीस,
रात्रभर बेकरीची गाडी हाकून चारला घरी आलेला.
पाचला ते आले.
वॉरंटवर पत्ता वरच्या मजल्याचा होता.
वर जायचा जिना मागच्या अंगणातून आहे
हे कुणी पाहिलं नाही.

सतराव्या नंबरला पोलीस युनियनचा माणूस.
म्हणाला, गेल्या हिवाळ्यात अशाच एका दारामागून
गोळी आली आणि आमचा ब्रॅनिगन गेला,
त्याची मुलगी अजून गाडी थांबली की खिडकीशी पळते.
खोटं नव्हतं ते. हातातला कागद थरथरत होता.
मग कागदाकडे बघून म्हणाला,
जे झालं ते कायद्याच्या चौकटीत झालं.
मागून कुणी ओरडलं. अध्यक्षबाईंनी हातोडी आपटली.

ती चौकट मी मोजलीय.
छत्तीस इंच रुंद, ऐंशी उंच, पाइनची,
डाव्या अंगाला चिरफाळलेली,
आणि तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा, कुण्या पोराच्या उंचीच्या,
आधीच्या भाडेकरूंच्या असतील.
तेवढा तुकडा मी कापला नाही. सांधा देऊन ठेवला.

भांडण एवढंच, की ठोठावलं का.
अहवाल म्हणतो: ठोठावलं, पुकारलं, अकरा सेकंद थांबलो.
समोरची म्हातारी मिसेस झालाय म्हणते,
मला फक्त लाकूड ऐकू आलं.
कॅमेरा सुरू झाला तेव्हा दार आडवं पडलेलं होतं.

मग त्याची बहीण, ऑर्थेल.
म्हणाली, तुम्ही त्याचे गुन्हे शोधताय ना?
पार्किंगचं एक चलन सापडेल. ते मीच भरलं होतं.
दोन मिनिटं शिल्लक ठेवून ती खाली बसली,
आणि ती दोन मिनिटं घड्याळ तसंच चालत राहिलं.

एकोणतीस.

मी खिशातून कुलूप काढून समोर ठेवलं.
म्हटलं, मोडकी कुलपं मी फेकत नाही, पितळेचे पैसे येतात.
हे विकलं नाही.
लाथेनं, ओंडक्यानं फुटलेल्या दाराची खिट्टी वाकते,
भिंतीतली पट्टी स्क्रूसकट उपटून येते.
सोळा वर्षांत वेगळं पाहिलं नव्हतं.
ही बघा. सरळ. एक ओरखडा नाही.
आत ओढलेली आहे.
साखळीही काढलेली होती, भिंतीला लोंबत होती.
म्हणजे त्यांनी ठोठावलं होतं.

डावीकडची माणसं उठून उभी राहिली.
युनियनवाल्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

थांबा, म्हटलं, वाक्य संपलेलं नाही.
त्यांनी ठोठावलं होतं, त्यानं ऐकलं होतं,
झोपेतून उठून साखळी काढली होती,
खिट्टी ओढली होती.
उरली होती फक्त मूठ फिरवायची.
अकरा सेकंद बरोबर असतील.
बाराव्याला दार आपणहून उघडत होतं.

आता दोन्हीकडे कुणी उभं नव्हतं.

एका सभासदानं विचारलं,
हे तुम्ही चार महिने का सांगितलं नाहीत?
बावीस सेकंद उरले होते.
म्हटलं, माझी बिलं वेळेवर निघतात.

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
दार कोणी उघडले.
दर वेळी मी एकच शब्द लिहितो,
तेव्हाही तोच लिहिला होता.
घड्याळ वाजलं.
रकाना लहान आहे,
पण दोन नावं मावतात.