कोरडं वजन

सकाळचे पावणेसहा. सोग्विपो बंदरावरचे दिवे अजून विझलेले नाहीत
आणि बू माल्सून आजी काट्यावर उभ्या,
चपला काढून, खिशातली नाणी माझ्या हातात देऊन.
कानातलंही काढू का, हे दर खेपेला विचारून.

एक्कावन्न किलो तीनशे.

कागदावर त्यांचं कोरडं वजन साडेअठ्ठेचाळीस.
मधलं सगळं पाणी, असं आम्ही धरून चालतो.
शुक्रवारपासूनचं समुद्रशेवाळाचं सूप,
गोळ्यांबरोबरचे घोट,
नातवाने सोलून दिलेलं संत्रं,
आणि रात्री फ्रिज उघडून चोखलेला बर्फाचा खडा,
जो त्या कधीच कबूल करत नाहीत.
मी यंत्राला आकडा सांगते. तासाला सातशे. चार तास.

कोरडं! काय शब्द शोधलाय.
ही बाई त्रेपन्न वर्षं कमरेला शिसं बांधून
समुद्राच्या तळाशी गेली,
एका श्वासात शिंपले खरवडून वर आली.
शिसं नसतं तर बुडताच आलं नसतं, म्हणतात.
आता बुडायला शिसं लागत नाही.
दोन दिवस पुरतात.

कोरडा माणूस कुठल्याच काट्यावर दिसत नाही.
आम्ही अंदाज बांधतो.
घोट्यावर अंगठा दाबायचा, खड्डा राहतो का बघायचं.
उताणं झोपता येतं का, विचारायचं.
छातीला कान लावायचा, तळाशी काही बुडबुडतंय का.

गेले तीन आठवडे खड्डा राहत नाही.
आणि गेले तीन आठवडे, तिसरा तास उलटला
की त्यांच्या पोटरीत गोळा येतो,
दोरखंडाला गाठ मारावी तसा.
आजही आला. ओठ पांढरे, रक्तदाब चौऱ्याऐंशी.
मी पाय उंच केले, ओढणं थांबवलं,
काढलेल्यातलंच थोडं मिठाचं पाणी परत दिलं.
बाकी किती? तीनशे मिली.
यादीत राहिलेलं राहू नये, ही माझी जुनी खोड.
हात बटणाकडे गेला.

‘पोरी,’ डोळे मिटूनच त्या म्हणाल्या,
‘खाली श्वास संपत आला की
नेमका तेव्हाच सगळ्यात मोठा शिंपला दिसतो.
तो सोडून वर यायचं असतं.
माझी मैत्रीण नाही आली.’

मी हात मागे घेतला.

मग नीट पाहिलं त्यांच्याकडे. काट्याकडे नाही.
गालाखालची खोबण भरलीय.
स्कर्टचं बटण एक घर सरकलंय.
मुलगा बुसानहून परत आलाय, दोन्ही वेळा भात शिजतो,
हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं,
मी फक्त मान डोलावली होती.

म्हणजे तीन आठवडे
मी पाणी समजून त्यांचं मांस ओढत होते.
मांस ओढता येत नाही, म्हणून दुखत होतं.

डॉक्टर यांगना गाठलं. त्यांनी कुरकुर केली,
छातीचा फोटो मागवला, जुना शेजारी लावला,
बराच वेळ ‘हं’ म्हणाले.
मग साडेअठ्ठेचाळीस खोडून एकोणपन्नास लिहिलं.
अर्धा किलो. तेवढ्यासाठी दोन सह्या.

‘हे माझं?’ आजींनी विचारलं.
‘तुमचं.’
‘काढणार नाही?’
‘नाही. पण बर्फ खाल्लात तर तो काढणार.’
‘कुठला बर्फ?’

सुया निघाल्या. बोटाने कापूस दाबून
त्या बसत्या झाल्या आणि तोंडातून
ती लांब बारीक शिट्टी निघाली,
पाण्यातून वर आल्यावर त्या बायका सोडतात तशी.
शेजारच्या खाटेवरचा टॅक्सीवाला
दचकून जागा झाला.

काट्यावर अठ्ठेचाळीस किलो नऊशे.
‘शंभर ग्रॅम तू देणं लागतेस,’ त्या म्हणाल्या
आणि नाणी मोजून परत घेतली.