अस्तर

त्सुबोउची आजोबांनी कापड सोडलं
आणि तलवार टेबलावर ठेवण्याआधी कानाशी धरून हलवली.
खुळ्. खुळ्.
"एवढंच थांबवून द्या," म्हणाले. "बाकी काही नको."
चाळीस वर्षं गुजोच्या घाटात बस चालवलेला माणूस,
कुठला नट सैल झालाय ते आवाजावरून सांगणारा.

पातं घरचं, चारशे वर्षांचं.
अंगावरचा पोशाख मात्र फौजेचा :
पत्र्याचं म्यान, शेवाळी रंगाचे पोपडे,
आणि आत, कुणाला दिसू नये असं,
लाकडाचं अस्तर.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात.
इथे एकीलाच दोन म्यानं लागतात,
एक लोकांसाठी, एक तिच्यासाठी.

तोंडाजवळचा बारका स्क्रू, गंजलेला.
तेलाचा एक थेंब, मग चहा, मग पुन्हा एक थेंब.
तिसऱ्या दिवशी सुटला.
अस्तर बाहेर आलं ते जोडावरच उकललं
शेंगेसारखं, दोन फाकांत.
धारेनं खाऊन खाऊन एका अंगाला
स्वतःची वेगळी वाट पाडलेली,
आणि टोकाशी साचलेला
ऐंशी वर्षांचा चिमूटभर भुसा.

काम घाईचं. एक फाक होओच्या झाडाची,
दुसरी कसलीतरी,
युद्ध संपत आलं तेव्हा जे हाताला लागलं ते.
आणि डाव्या फाकेत, खोबणीच्या तळाशी,
पेन्सिलीनं काढलेलं एक मांजू,
गोड पुरणाचं, गोल,
वर वाफेच्या तीन रेघा.
शाळा बंद करून कारखान्यात बसवलेली
कुणी बारा-तेरा वर्षांची असेल.
सरस लावायच्या आधी, मुकादम पाठमोरा असताना.
गोल वाकडाच होता.
वाफ तेवढी नीट जमली होती.

मी आजोबांना दाखवलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
मग पातं उलटून पाहिलं :
नेमका तिथेच गंजाचा एक वाटोळा डाग.
शिसं ओल धरून ठेवतं, मी म्हटलं.
ते म्हणाले, "वडील यातलं काही बोलले नाहीत कधी."
कशातलं, ते मी विचारलं नाही.

नव्या अस्तराला होओ, बारा वर्षं वाळलेलं,
सासऱ्यांनी कापून ठेवलेलं,
ज्यांना मी फारशी आवडत नसे.
कोरायचं असं की पातं आत अधांतरी राहावं,
गळ्याशी आणि पाठीशी तेवढं लाकूड,
धारेला कशाचा स्पर्श नको.
पात्याला लवंगेचं तेल. घालायचं, काढायचं,
जिथे डाग उमटेल तिथे एक कीस.
पुन्हा घालायचं.
आठवडाभर घराला दंतवैद्याच्या दवाखान्याचा वास.

जोडायला सरस नाही, भात.
सकाळचा, पाटावर बांबूच्या पट्टीनं मळलेला,
शीतन्‌शीत मोडेपर्यंत.
तो घट्ट धरतो, पण वेळ आली की सोडतोही.
कारण हेही झिजेल. हेही कुणीतरी उघडेल.
आत मी काही काढलं नाही.

न्यायला आले तेव्हा कानाशी धरून हलवली.
एकदा. पुन्हा एकदा.
मग खिडकीकडे बघत तिसऱ्यांदा.
"आई माळा झाडायची तेव्हा वाजायची," म्हणाले.
"मला वाटायचं, बाबांनी माझ्यासाठी खुळखुळा ठेवलाय."
आणि जरा ओशाळून :
"अगदी थोडीशी वाजेल असं करता येतं का?"

नाही, मी म्हटलं. वाजते म्हणजे खाते.
जुन्या फाका वर्तमानपत्रात बांधून दिल्या.
बसथांब्यावर उभे असताना
त्यांनी पुडकं उघडलं
आणि एक फाक दुसरीवर हलकेच वाजवून पाहिली.

पाटावर मळायचा राहिलेला मूठभर भात होता.
बरणीतून एक उमेबोशी घेतली
आणि उभ्याउभ्याच खाल्ला.