गवसणीतला पाहुणा

रेडीच्या कांदळगावकर बाईंचा तानपुरा
टेम्पोनं आंबोली चढून आला मिरजेत.
भोपळ्याला वीतभर चीर,
आणि गवसणीच्या नाडीला नखं रोवून बसलेला
तो.

शेवाळी अंग, जिलेटिनच्या कागदाचे पंख.
करवंदीच्या जाळीतला असेल,
नाहीतर वाळूकडेच्या निगडीतला.
मला काय ठाऊक, मी समुद्र पाहिलाय एकदाच,
तोही वऱ्हाडातून जाताना, रात्री.

रातकिडा म्हणावं, तर हा भर दुपारी बाराला लागला.
टांगलेल्या सतारींमागून असा काही
की समोरचा चहावाला ओरडला,
"ते ग्राइंडर बंद करा की ओ!"

कानस थांबली नाही ती फक्त दस्तगीरचाचांची.
घोडीवर वाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
तारेखाली दोरा सरकवत मला म्हणाले,
"बघ, जीव बसला का?"
दोऱ्याला आम्ही जीवच म्हणतो.
मी म्हटलं, चाचा, आधी ह्याला हाकलतो.
"कुणाला?"

म्हणजे
ज्या कानांवर चाळीस वर्षं
गवयांनी डोळे मिटून भरवसा टाकला
त्यांची वरच्या सुरांकडची खिडकी
कधीतरी आपोआप लागून गेली होती.
आणि शेवटचा हात फिरवायला
मला का बोलवायचे ते.
मला वाटायचं, शिकवतायत.

मी बोललो नाही काही.
त्यांचं बोट धरून ठेवलं
चिरलेल्या भोपळ्यावर, जिथं तो आता येऊन बसला होता.
बोटाला मुंग्या आल्यासारखं झालं असणार,
कारण ते हसले, चपड्यानं पिवळ्या पडलेल्या नखाकडे बघत.
"ह्याचंही पोट पोकळच की रे.
आपल्याच धंद्यातला."

मुलीच्या पुस्तकात नंतर वाचलं:
गाऊ लागला की नर
आपल्या कानाचे पडदे सैल सोडतो,
स्वतःच्याच आवाजानं इजा होऊ नये म्हणून.
साऱ्या झुडपांना ऐकू जातं,
त्याला तेवढं नाही.
हे चाचांना सांगायचं राहिलंय.
सांगावं का, तेही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी भुश्शात सापडला,
इतका हलका की फुंकरीनं सरकला.
तानपुरा सोमवारी परत गेला.
जवारी मी लावलेली, चिठ्ठीवर नाव त्यांचं.
गवसणीची नाडी आवळण्याआधी
त्यांनी एक बोट भोपळ्यावर ठेवलं
आणि टेम्पोवाला घाई करत असतानाही
तसंच ठेवलं, बराच वेळ.