बुडुक

रेवतीने बॅगेत स्वेटरखाली दडवून आणलं:
द्राक्षाच्या रसाची जाड पिशवी, आत काकवीसारखं काळं,
चार पुड्या, एक नळी,
आणि वाकड्या मानेचं प्लास्टिकचं काहीतरी,
ज्यातून आतला वारा बाहेर जातो, बाहेरचा आत येत नाही.
"आई, तुला खेळणं," म्हणाली,
आणि दहाव्या दिवशी परत गेली.

पुस्तिका म्हणते, सगळं निर्जंतुक करून घ्या.
मला सांगते!
एकतीस वर्षं पिंपरीला, पेनिसिलिनच्या टाक्यांपाशी,
रात्रपाळीला बुरशीची नाडी बघितली मी.

हे घेत नाहीत.
खोकल्याच्या औषधाचंही लेबल वाचतात.
पण दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या बाजूने,
यांनीच नवं पान काढलं: तारीख, तापमान, घनता.
काचकांडी तरंगत ठेवून, चष्मा कपाळावर:
"एक पॉइंट शून्य पाच दोन. कालच्यापेक्षा कमी.
गोडी जाते कुठे गं?"
"खातात ते."
"कोण?"
"पुडीतले."
त्या दिवशी जेवताना फार बोलले नाहीत.

बरणी तुळशीबागेतली, झाकणाला भोक पाडलेली,
रेवतीच्या खोलीत ठेवली. तिथे ऊन येत नाही.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी: बुडुक.
मग दर चार सेकंदांनी, रात्रभर, भिंतीपलीकडून.
शेजारच्या दोडकेबाईंनी जिन्यात गाठलं,
"नळ गळतोय का हो तुमचा?"
"हो ना," म्हटलं, "प्लंबर मिळत नाही."
यावर पुण्यात कोणी पुढे विचारत नाही.

गुरुवारी लाइट गेली, दहा ते चार.
मार्च संपत आलेला, खोलीत चौतीस.
ओल्या पंचात बरणी गुंडाळली,
आणि हा माणूस पेपरची घडी करून
तिला वारा घालत बसला, मांडी घालून.
गोवर निघाला होता तेव्हा
याच खोलीत, याच बाजूला.
मी काही म्हटलं नाही. पंचा पुन्हा भिजवून आणला.

मग एका रात्री अडीचला जाग आली.
कसल्या आवाजाने नाही.
शेजारी हेही जागेच.
"थांबलं," म्हणाले.
बॅटरी घेऊन दोघं गेलो.
तळाला गाळ, वर लाल, स्वच्छ, हलत नसलेलं.
"संपलं?"
"झालं," मी म्हटलं.

दीड महिन्याने रद्दीवाल्याकडून सहा बाटल्या आणल्या.
त्याने माझ्याकडे बघितलं, मग तराजूकडे,
आणि पैसे जरा कमीच घेतले.
एकीचं लेबल काही केल्या निघेना,
"शुभविवाह" एवढंच उरलं, चिकटून.

पाच भरल्या. त्या माळ्यावर, आडव्या.
सहावी अर्धीच, म्हणून लगेच उघडावी लागली.
स्टीलच्या पेल्यात घोटभर.
तुरट. कडेला कोकमाची आठवण,
आणि मागे थोडं करपल्यासारखं.

यांनी फक्त वास घेतला, बराच वेळ.
मग विचारलं,
"गुरुवार कळतो का गं त्यात?"

"कळतो," म्हटलं. "मागाहून. जरासा."