हातभार

स्वीडिश सैन्य परतून गेलं, त्याच्या नवव्या वर्षी
माइन नदीवरच्या टेकडीवरचा फाशीचा खांब कुजला
आणि नगरसभेने आम्हाला बोलावलं.
आम्हाला म्हणजे सगळ्यांना.
एकोणीस सुतार, सात गवंडी,
उमेदवारी करणारी पोरं वेगळी.

एकट्याने केलं तर तो बाटला.
त्याने केलेलं दार कुणी चौकटीत बसवणार नाही,
मुलीला सोयरीक येणार नाही,
मेल्यावर पेटी उचलायला खांदे मिळणार नाहीत.
म्हणून सगळ्यांनी जायचं,
पुढे ढोल, मागे बिअरचं पिंप,
आणि प्रत्येकाने एक घाव घालायचा.
एकच.

पहिला नगराध्यक्षाचा. खिळ्याला लागलाच नाही.
मग वयाप्रमाणे आम्ही.
लीनहार्ट तापाने फणफणलेला,
त्याला हातगाडीवर घालून आणला,
मुठीत हातोडी दिली, मुठीवर मी माझी मूठ धरली.
टक्.
चिमणीने चोच मारावी तेवढंच.
कारकुनाने त्याच्या नावापुढे रेघ ओढली.
म्हणजे माझे दोन झाले का,
हे मी कुणाला विचारलं नाही.

मास्टर ओस्वाल्ड लांब उभा होता, पडत्या वाऱ्याला.
सगळं त्याच्याचसाठी चाललेलं,
पण त्याने हात लावला असता
तर हत्यारं नदीत टाकावी लागली असती.
गुत्त्यात त्याचा पेला साखळीला,
चर्चमध्ये त्याचा बाक खांबाआड.
बाजारात तो काठीने दाखवतो:
हा पाव. तो कोबी.

महिन्याभरात पहिला माणूस आला,
कास्पर नावाचा कल्हईवाला, मेणबत्तीची दोन दानं चोरलेला.
गाव लोटला. पोरं बापांच्या खांद्यांवर.
खांब करकरला नाही,
जोड कुठे हलला नाही.
मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

त्याच हिवाळ्यात माझा बास्टियन बर्फावर घसरला.
खांदा निखळला. न्हाव्याने हात टेकले.
रात्री, कंदील न घेता,
पोराला पाठुंगळी मारून
मी तटाजवळच्या त्या घरी गेलो.
ज्याला सांधे उखळता येतात, त्याला बसवताही येतात;
हे गावात सगळ्यांना ठाऊक, आणि कुणालाच नाही.

मास्टर ओस्वाल्डने दंड धरला, पोराला म्हणाला,
मांजराचं नाव सांग.
पोराने तोंड उघडलं, तेवढ्यात कट् वाजलं.
पैसे मी टेबलावर ठेवले.
त्याचा हात पुढे आलेला होता,
तो त्याने सवयीने मागे घेतला,
मीही सवयीनेच पाहिलं नाही.
दाराशी त्याने विचारलं, तुमचा घाव कितवा होता?
अकरावा, म्हणालो.
लीनहार्टचा सांगितला नाही.

ओक झाला तरी लाकूड तीस वर्षांत कुजतं.
मास्टर ओस्वाल्ड गेला. त्याचा मुलगा आता काठीने पाव दाखवतो.
परवा पुन्हा ढोल वाजला,
आणि हातगाडीवर यंदा मी होतो, गोधडीत, खोकत.
कारकून नवा, वही तीच.
मुठीत हातोडी आली.
वरून बास्टियनची मूठ, गरम, माझ्यापेक्षा रुंद.

खांदा दुखतो का रे, मी विचारलं.
थंडीत थोडा, तो म्हणाला,
आणि हात उचलला.