लोण्याची उधारी

रविवारच्या जुन्या बाजारात, अँटवर्पला,
माझा ठेला कॉमिक्सचा.
प्लॅस्टिकच्या पिशव्यांत साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे हिमालय,
किमती कोपऱ्यात, पेन्सिलीने.

तिबेट चांगला खपतो.
मुखपृष्ठावर बर्फ हवा, कड्याच्या टोकाला मठ हवा,
मठाला जिना नसला तरी चालतं,
आत राहणारे सगळे उडतातच.

गिऱ्हाईक नसताना मी अशा तेरा मठांतून फिरून आलेय.
एकाही लामाची दाढ दुखत नाही.
कुणी कुणाचे पैसे बुडवत नाही, कुणी घोरत नाही.
एकच म्हातारा चेहरा, चित्रकाराला एकदा जमलेला,
सगळ्यांच्या मानेवर बसवलेला.
तो बाराव्या पानावर तोडक्यामोडक्या डचमध्ये ताईत देतो
आणि तेराव्यावर मरतो,
म्हणजे सोनेरी केसांच्या पाहुण्याला
वीस वर्षांची साधना दीड पानात उरकता यावी.
बायका नाहीत. एक आहे, पाठमोरी, पाण्याचं पिंप वाहणारी.
याक हसतो.
पताका निळी, पांढरी, तांबडी आणि एकदम पिवळी:
छापखान्याने हिरवी शाई वाचवली असावी.
हिरवा म्हणजे पाणी.
ती बाई मग पिंपात काय नेते, कोण जाणे.

शाळेत मला विचारायचे, तू उडतेस का?
मी सांगायचे, फक्त बुधवारी, अर्धी शाळा असते तेव्हा.

पोला, माझे आजोबा, थंडीतही येऊन बसतात
थर्मासमध्ये खारा चहा घेऊन.
चित्रांशी त्यांना देणंघेणं नाही.
ते फुग्यांत बघतात,
जिथे आमची माणसं आपसांत बोलतात
आणि चित्रकार गांडुळं काढतो,
वेटोळी, शेपट्या, ठिपके.
"हा काय म्हणतो?" मी विचारते.
"खोकतोय," म्हणतात पोला.

गेल्या रविवारी मात्र थांबले.
एकोणिसावं पान. गुहा. मशाल.
भिंतीवर शाप, ज्वाळांच्या अक्षरांत,
खाली चौकटीत डच: जो हे वाचेल तो दगड होईल.
पोलांनी चष्मा पुसला. पुस्तक फिरवलं,
डोकं खाली, पाय वर,
आणि ज्वाळा वरच्या रेषेला लटकून
निमूट अक्षरं झाल्या.
कुणा प्रवाशाच्या फोटोवरून उतरवली असतील,
फोटो उलटा धरून.

पोला वाचायला लागले, मोठ्याने,
शेजारचा पितळेवाला वळून बघेपर्यंत:
"लोणी सहा शेर. चहाच्या विटा दोन.
खोगिराचा पट्टा एक, जुना.
नोर्ग्ये, खिंडीपलीकडचा. येणे बाकी."

मी हसले, हातमोज्यात तोंड खुपसून.
पोलाही हसले, आणि हसता हसता
खरंच दगड झाले थोडा वेळ.
त्यांच्या वडिलांचं दुकान होतं, खिंडीच्या अलीकडे.
पण दुकानं पुष्कळ होती. नोर्ग्येही पुष्कळ.

"दिले असतील का गं त्याने?"

मला काय माहीत.
पुढच्या पानावर गुहा कोसळते.

त्यांनी माझी किमतीची पेन्सिल घेतली
आणि शापाच्या खाली, म्हणजे त्या चित्रातल्या माणसांच्या दृष्टीने वर,
दुकानदाराच्या बारीक अक्षरात लिहिलं:
मिळाले. हिशेब मिटला.

दुपारी एक संग्राहक आला. भिंग लावून पान न् पान पाहिलं.
"इथे कुणीतरी गिरगटलंय," म्हणाला, "पाच युरो कमी करा."
"केले," मी म्हणाले.
पिशवीत घालताना पुस्तक मी सरळ धरलं,
म्हणजे त्याच्या बाजूने सरळ.

पोला थर्मासच्या झाकणात चहा ओतत होते.
वर लोण्याचा तवंग,
हलला, फुटला, परत जुळला.