पिवळा सोडून

लोरिंडा मावशीच्या मागावर पिवळा नसतो.
राखी असतो, काळा असतो,
अक्रोडाच्या सालीचा तपकिरी,
आणि मेंढीच्या अंगावर असतो तसाच पांढरा,
कुसळं वेचून घेतलेला.

क्राउनपॉइंटच्या लिलावात
एका बाईनं गालिचा उलटासुलटा करून पाहिला.
म्हणाली, जरासा पिवळा असता तर उठाव आला असता.
मी पिकअपची किल्ली बोटात फिरवत राहिलो.
काय म्हणते? मावशीनं आमच्या भाषेत विचारलं.
छान आहे म्हणते.

कोव्हच्या खाणीतून क्लिफर्ड काका
संध्याकाळी यायचे ते पिवळे होऊन:
भुवया, बूट, डब्याचं झाकण.
ज्या पातेल्यात रंग उकळायचा
त्यातच मावशी त्यांचे कपडे धुवायची.
कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणजे, माहीत होतं त्यांना आमची भाषा येत नव्हती.
स्वतःची तरी कुठे वापरली त्यांनी.

पातेलं अजून आहे. दाराबाहेर, पालथं.
त्यावर कुत्रं बसतं.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होतो.
फणीची ठकठक मध्येच थांबली.
पाहिलं, तर खिडकीतलं ऊन
उभ्या धाग्यांवर आडवं पडलेलं,
अर्ध्या विणलेल्या डोंगराच्या नेमकं माथ्यावर.
मावशी फणी मांडीवर ठेवून बसली.
ऊन भिंतीवर सरकेपर्यंत
धाग्याला हात लावला नाही तिनं.

मग राखी घातला, दाबून बसवला,
आणि म्हणाली, ऊठ,
पिंपं गाडीत टाक.
विहीर बंद आहे,
मेंढ्या तहानल्यात.